हळदीच्या कागदावर हरिपूरची पेवे

छायाचित्रण अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी अंतिम प्रदर्शनासाठी मी सांगलीच्या हळदीचा विषय घेतला, तेव्हा कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. सांगलीतल्या विद्यार्थ्याने हळद, ऊस किंवा कृष्णेचा पूर यांपैकी काहीतरी घ्यावे, हे जवळजवळ गृहीतच धरलेले असते. अडचण होती ती छपाईची. प्रदर्शनातील एक मालिका प्रिंटरवर न काढता जुन्या, हाताने करायच्या पद्धतीने छापावी, अशी अट होती आणि त्यांतली कोणती पद्धत घ्यायची, यावर माझे आणि मार्गदर्शक सरांचे एकमत होत नव्हते.

गम बायक्रोमेट सरांनी पहिल्याच बैठकीत बाजूला काढला. त्यातील पोटॅशियम डायक्रोमेट विषारी असते आणि वापरून झालेले पाणी टाकण्याची योग्य सोय आमच्याकडे नव्हती. सॉल्ट प्रिंट आणि व्हॅनडाइक या दोन्हींना सिल्व्हर नायट्रेट लागते, ते मला परवडणारे नव्हते. उरला सायनोटाइप, म्हणजे निळी छपाई. सरांचा कल तिकडे होता, कारण ती खात्रीची आहे. मला मात्र त्याच्या जोडीने अँथोटाइप करायचा होता. वनस्पतीचा रंग कागदाला लावायचा, त्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेले चित्र दाबून बसवायचे आणि ते उन्हात ठेवायचे. ऊन लागेल तिथला रंग उडतो, झाकलेल्या ठिकाणी राहतो, एवढीच ती पद्धत आहे. या दोन्ही पद्धतींचे मूळ एकाच शास्त्रज्ञाकडे जाते. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहक्षारांपासून सायनोटाइप तयार केला आणि वनस्पतींच्या रंगांवर सूर्यकिरणांचा काय परिणाम होतो, यावरचे आपले प्रयोगही त्याच वर्षी प्रसिद्ध केले. सायनोटाइप पुढे नकाशांची ब्लू प्रिंट होऊन कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला. अँथोटाइप मागे पडला, कारण तो पक्का करता येत नाही. चांदीच्या फोटोतील न वापरलेला क्षार हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने, धुऊन काढता येतो. इथे तसा उपायच नाही, ज्या प्रकाशाने चित्र उमटते तोच प्रकाश पुढे ते पुसत राहतो.

परीक्षक येईपर्यंत भिंतीवर नुसता कागदच उरला तर गुण कशाला द्यायचे, असे सरांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे त्याला उत्तर होते, ते हरिपूरच्या पेवांचे.

कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे आहेत. वर तोंड अरुंद आणि खाली पोट रुंद असलेला हा खोल खड्डा हळदीने भरून तोंड मातीने बंद केले, की आत हवा नाही, उजेड नाही, आणि हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. तिथली माती घट्ट असल्यामुळेच हे साधत असे. पेव उघडल्यावर आत कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नाही, असे मला तिथल्या एका काकांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून फार मोठे नुकसान झाले आणि हळद गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात पेवांचा गौरवाने उल्लेख होतो. प्रत्यक्षात हरिपुरात हिंडताना बुजलेली पेवेच जास्त दिसतात. अंधारात टिकणाऱ्या आणि उजेडात उडणाऱ्या पदार्थाचे चित्र त्याच पदार्थाने छापावे, यात मला ओढूनताणून आणलेले काही वाटत नव्हते. सरांनी शेवटी तोडगा काढला: पेवांची चित्रे हळदीवर, मार्केट यार्डातील सौदे, हमाल आणि हळद निवडणाऱ्या बायका यांची चित्रे सायनोटाइपवर. परीक्षेत काही बिघडले तरी निम्मी भिंत शाबूत राहील, हा त्यामागचा त्यांचा हिशेब होता.

हळदीपासून सुरुवात केली. दुकानातील तयार पूड मी घेतली नाही, कारण तिच्यात आणखी काय मिसळले आहे, हे कळायला मार्ग नसतो. यार्डातील एका अडत्याने राजापुरी हळकुंडे काढून दिली, ती गिरणीतून दळून आणली. हळदीचा पिवळेपणा ज्या कर्क्युमिनमुळे असतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये चटकन उतरते. म्हणून पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बरणीत भिजवून, अधूनमधून हलवून, दुसऱ्या दिवशी आधी फडक्यातून आणि मग गाळणकागदातून गाळायची. राहिलेला कण कागदावर ठिपका होऊन दिसतो, त्यामुळे या गाळण्यात कंजुषी करून चालत नाही. रंग रुंद, मऊ ब्रशने अंधुक खोलीत लावायचा. स्पिरिट मिनिटभरात उडून जाते, म्हणून हात एका दमात कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर पट्टे उठतात. हातकागद मला मनापासून वापरायचा होता, पण मिळालेला कागद रंग ब्लॉटिंगसारखा पिऊन टाकत होता. त्याला तांदळाच्या पातळ खळीचा हात देऊन वाळवल्यावर तो बऱ्यापैकी वागू लागला. तरीही मोठ्या चित्रांसाठी मी तीनशे जीएसएमचा सुती जलरंगाचा कागदच ठरवला.

हळदीच्या कागदाला निगेटिव्ह चालत नाही. ऊन रंग उडवते, म्हणजे चित्राचा जो भाग गडद हवा तो झाकलेला राहिला पाहिजे, म्हणून फिल्मवर पॉझिटिव्हच छापावी लागते. सायनोटाइपला नेमके याच्या उलट. शिवाय दोन्ही पद्धतींत चित्र फिल्मच्याच मापाचे येते, मोठे करता येत नाही. हळदीवर मधल्या छटा फार कमी टिकतात. पेवाच्या तोंडातून खाली पडणारा उजेड आणि भिंतीवरचे कुदळीचे वळ कॅमेऱ्यात मी तिपाईवर, मोठ्या एक्स्पोजरने हळुवारपणे टिपले होते, पण छपाईसाठी त्यांतील बराचसा हळुवारपणा संगणकावर काढून टाकून काळे आणि पांढरे ठसठशीत करावे लागले. लेझर प्रिंटरची काळी शाई उन्हाला पुरत नाही, तिच्यातून प्रकाश झिरपतो. एकाच चित्राच्या दोन फिल्म तंतोतंत एकावर एक बसवून मी ती उणीव भरून काढली.

फ्रेमवाल्याकडून जाड काच आणि दोन भागांत उघडणारी प्लायवुडची पाठ करून घेतली, म्हणजे निम्मी पाठ उघडून चित्र कितपत आले ते पाहता येते आणि उरलेली निम्मी फिल्मला जागेवर धरून ठेवते. मार्चमधील सांगलीचे ऊन या कामाला फार चांगले. गच्चीवर दुपारी साधारण दोन तासांत पांढरे भाग मोकळे होत. ढग आले की तेच काम संध्याकाळपर्यंत लांबे. या काळात यार्डातील एका शेतकऱ्याने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. हळद शिजवून आम्ही कित्येक दिवस उन्हातच वाळवतो, तिचा रंग कसा जात नाही? हळकुंडाची साल आतल्या गराला झाकून ठेवते आणि माझ्या कागदावर मात्र रंगाचा नुसता पापुद्रा असतो, हे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले. प्रदर्शनातील माहितीच्या फलकावर मी हे वाक्य नंतर घातले, कारण सांगलीत हा प्रश्न कोणीही विचारणार.

उन्हातून काढलेले चित्र पांढऱ्यावर पिवळे, म्हणजे डोळ्यांना तसे फिकेच दिसते. ते टाकणखाराच्या पाण्यात बुडवले, की उरलेली हळद बघता बघता तांबूस-तपकिरी होते आणि पेवाच्या भिंती एकदम उठून दिसतात. टाकणखार आणायला गेले, तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानदाराने, ‘काय ताई, कुंकू करताय का घरी?’ असे विचारले. पारंपरिक कुंकू हळदीलाच टाकणखार आणि लिंबाचा रस लावून करतात, त्यामुळे त्याचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता.

सायनोटाइपबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण त्याची कृती सगळीकडे सारखीच आहे. फेरिक अमोनियम सायट्रेटचे पंचवीस टक्क्यांचे आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे दहा टक्क्यांचे द्रावण वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायचे, लागेल तेवढे समप्रमाणात मिसळून कागदाला लावायचे, उन्हात ठेवायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. हे ‘साधे पाणी’ मात्र आमच्याकडे साधे निघाले नाही. नदीकाठच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीचा त्रास सर्वांना ठाऊक आहे, आणि आमच्या इमारतीच्या बोअरचे पाणी त्याच जातीचे. सायनोटाइपचा निळा रंग आम्लात टिकतो, अल्कलीत उडतो. बोअरच्या पाण्यात धुतलेली पहिली चित्रे ट्रेमध्येच फिकी पडू लागली. नळाचे पाणी भरून ठेवून त्यात किराणा दुकानातील चिमूटभर लिंबूसत्व टाकल्यावर हा त्रास थांबला. टाकणखाराचे पाणीही अल्कलीच असते, त्यामुळे हळदीचे आणि निळ्याचे ट्रे, चिमटे आणि हातमोजेसुद्धा मी वेगळे ठेवले आणि दोन्ही कामे एकाच दिवशी करणे टाळले.

खरे डोके खर्च झाले ते प्रदर्शनाच्या प्रकाशावर. हॉलला पश्चिमेकडे मोठ्या खिडक्या आहेत आणि दुपारनंतर ऊन थेट भिंतीवर येते. फ्रेमवाल्याने यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, रोखणारी महाग काच सुचवली. ती सायनोटाइपला किंवा रंगीत प्रिंटला उपयोगी पडेल, पण कर्क्युमिन सर्वाधिक शोषते तो प्रकाश ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जांभळा-निळा असतो. ४०० च्या खालचे किरण अडवणारी काच त्याला कशी अडवणार? निळा भाग जवळपास नसलेला पिवळा दिवा लावणे, हाच मार्ग होता. त्यात एक पेच असा, की पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद आणि पिवळी हळद यांत फरकच दिसत नाही, चित्र डोळ्यांदेखत नाहीसे होते. टाकणखाराने तांबूस झालेले चित्र मात्र त्या दिव्यातही स्पष्ट दिसते. सुरुवातीला केवळ रंग आवडला म्हणून ठेवलेली ती पायरी अशा रीतीने प्रदर्शनासाठी अनिवार्य ठरली आणि शुद्ध पिवळी चित्रे मी यादीतून काढून टाकली. संग्रहालये नाजूक कागदावर सुमारे पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. मोबाइलवरील मापकाचा अगदी काटेकोर भरवसा नसतो हे धरून मी त्याच्याही खाली राहिले. खिडक्यांना काळे कापड लावले आणि प्रत्येक हळदीच्या चित्रावर मांजरपाटाचा छोटा पडदा शिवून घेतला. ज्याला पाहायचे त्याने पडदा उचलावा, पाहून झाल्यावर सोडावा.

लोकांनी पडदे उचलले, पण सगळ्यांनी सोडले नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी फोटोसाठी पडदे वर टाचून ठेवण्याची टूम निघाली आणि दिवसभर एकजण तिथे उभा करावा लागला. याची थोडीफार कल्पना असल्यामुळे मी एक चित्र मुद्दाम उघड्या खिडकीजवळ लावले होते आणि त्याच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. परीक्षक मॅडम आल्या तेव्हा ती पट्टी काढून दाखवली. पट्टीखालचा भाग तांबूस आणि बाजूचा सगळा भाग फिकट झालेला होता. त्यांनी सरांचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला: जे टिकणार नाही ते छापायचे कशाला? मी २०१९ च्या पुराचा उल्लेख केला, कारण त्या पाण्यात सांगलीतील कितीतरी घरांचे पक्के केलेले, हायपोत धुतलेले फोटोही गेले होते. हे उत्तर त्यांना पटले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी प्रत्येक चित्राचे स्कॅन सादर करायला सांगितले आणि गुण चांगले दिले. स्कॅन करतानाचा प्रकाशही हळदीला लागतोच, म्हणून ते काम मी प्रदर्शन उतरल्यावर, प्रत्येक चित्रासाठी एकदाच केले.

हळकुंडे देणाऱ्या अडत्याला त्याच्या गाळ्यात लावायला पेवाचे चित्र हवे होते. गाळा दिवसभर उघडा, समोर रस्ता आणि सकाळचे ऊन थेट गादीपर्यंत. मी त्याला तेच चित्र निळ्यात छापून दिले आणि मागे सूचना लिहून दिली, की निळा रंग फिका वाटू लागला तर फ्रेम काढून थोडे दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवावी, रंग बराचसा परत येतो.