रॅकवरची गोळी

जेल रोडला माझं मेडिकल आहे. आप्पा नोट प्रेसमधून रिटायर झालेले. हल्ली दुपारभर वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे अंगठ्याला थुंकी लावून मोजत बसतात. चाळीसच्या पुढे गेले की आकडा निसटतो, मग पुन्हा एकपासून. अल्झायमर, तिसरं वर्ष.

डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले, "यात मेंदूला सूज असते." मी गोंधळलो. एमआरआयच्या रिपोर्टात तर मेंदू आक्रसलाय असं लिहिलेलं! तरी त्या रात्री शटर ओढायच्या आधी आयबुप्रोफेनच्या रॅकसमोर थबकलोच. गुडघा सुजलेल्यांना ही गोळी रोज जाते, मग बापालाच का नाही?

मग वाचत बसलो. ही सूज म्हणजे फुगणं नव्हे, दाह. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, आपल्या घंटागाडीसारख्या. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा कचरा उचलणं त्यांचं काम. कचरा साचतच राहिला की त्या बिथरतात आणि चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. पण म्हणून घंटागाडीच बंद करून कसं चालेल?

माझी शंका शास्त्रज्ञांना आधीच आली होती. 2001 मध्ये रॉटरडॅमच्या पाहणीत दोन वर्षांहून जास्त काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळला. मात्र त्याच जातीच्या नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या चाचणीत मुद्दाम देऊन पाहिल्यावर फायदा दिसला नाही, आणि हृदयाच्या धोक्यापायी डिसेंबर 2004 मध्ये चाचणीतल्या त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. आप्पांना बीपी, त्यात किडनी नाजूक. रॅकला हात लावला नाही. (हळदीच्या दुधाचे फॉरवर्ड येतातच. दूध देतो, आवडतं म्हणून.)

दाहाचा संबंध निघाला तो भलत्याच ठिकाणी. चैत्रात आप्पा दोन दिवसांत एकदम बिघडले. भिंतीवर माणसं दिसायची, नातवाला "साहेब" म्हणून सलाम ठोकायचे. आजार वाढला असंच सगळ्यांनी धरलं. ताप नव्हता, पण लघवीला वास येतोय हे बायकोच्या लक्षात आलं. तपासणीत इन्फेक्शन निघालं. शरीरात कुठेही दाह झाला तरी असा मेंदू लगेच ढासळू शकतो, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. अँटिबायोटिकवर आठवड्यात भिंतीवरची माणसं गेली.

काल त्यांनी गठ्ठा पुढे केला. "शंभर. सही कर."

अडतीस होते. मी सही केली.