जीएसटी क्रमांक तपासणारं फंक्शन: एसक्यूएल, जावास्क्रिप्ट की पायथन?

पुरवठादारांच्या यादीतले चुकीचे जीएसटी क्रमांक शोधायचं काम माझ्याकडे आलं. सगळा डेटा स्नोफ्लेक या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये होता. तो बाहेर काढून स्क्रिप्ट चालवायची आणि निकाल परत भरायचा, हा द्राविडी प्राणायाम मला नको होता. म्हणून तिथेच यूडीएफ, म्हणजे आपलं स्वतःचं फंक्शन, लिहायचं ठरवलं. स्नोफ्लेकमध्ये ते एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा), जावास्क्रिप्ट, पायथन, जावा किंवा स्कालामध्ये लिहिता येतं.

सुरुवात एसक्यूएलने केली. क्रमांकाची 15 अक्षरं ठरलेल्या साच्यात असतात: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), मग 10 अक्षरी पॅन, तेरावं अक्षर त्याच पॅनवरच्या नोंदणीचं, चौदावं सर्वसाधारण नोंदणीत 'झेड' आणि शेवटचं चेक कॅरेक्टर, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून गणिताने काढलेलं पडताळणीचं अक्षर. एवढा साचा तपासायला एक रेगेक्स (मजकुराचा साचा जुळतो का ते पाहणारं सूत्र) पुरतो आणि तो एका ओळीच्या एसक्यूएल फंक्शनमध्ये छान बसतो. असं काम एसक्यूएलमध्येच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ज्याला क्वेरी वाचता येते, त्याला हे फंक्शनही वाचता येतं.

खरा पेच चेक कॅरेक्टरचा. पहिल्या 14 अक्षरांना 0 ते 35 अशी किंमत द्यायची (ए म्हणजे 10, झेड म्हणजे 35) आणि त्यांना आळीपाळीने 1 आणि 2 ने गुणायचं. प्रत्येक गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. चौदाव्या जागी झेड असेल तर 35 गुणिले 2, म्हणजे 70. भागाकार 1, बाकी 34, बेरीज 35. अशा सगळ्या बेरजा एकत्र करून 36 ने भागायचं आणि उरलेली बाकी 36 मधून वजा करायची. उत्तर 36 आलं तर ते 0 धरायचं. त्या किमतीचं अक्षर म्हणजे पंधरावं अक्षर. एसक्यूएलमध्ये हे जमतं, पण चौदा वेळा तेच लिहिलेलं कोण वाचणार?

जावास्क्रिप्टमध्ये लूप, म्हणजे तीच पायरी प्रत्येक अक्षरासाठी पुन्हा चालवणारा कोड, सुटसुटीत झाला. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. आर्ग्युमेंटचं, म्हणजे फंक्शनला पाठवायच्या मूल्याचं, नाव अवतरणचिन्हांशिवाय दिलं असेल तर कोडमध्ये ते कॅपिटल अक्षरांतच वापरावं लागतं आणि एसक्यूएलचा नल (रिकामी किंमत) तिथे 'अनडिफाइन्ड' होऊन येतो. शिवाय जावास्क्रिप्टचा साधा नंबर 9007199254740991 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरत नाही, त्यामुळे बँकेचे लांबलचक खाते क्रमांक या फंक्शनांत मजकूर म्हणूनच पाठवावेत.

शेवटी मी पायथन निवडलं. पायथनची कोणती आवृत्ती चालवायची (रनटाइम) आणि कोडमधलं कोणतं फंक्शन बोलवायचं (हँडलर) हे जाहीर करावं लागतं, पण बाहेरचं एकही पॅकेज लागलं नाही. मुख्य म्हणजे तोच कोड आधी लॅपटॉपवर चाचण्यांसह चालवून पाहता आला आणि आमच्या विश्लेषकांना तो वाचता येतो. याद्या फार मोठ्या झाल्या तर एकेक ओळ न घेता पांडास या पायथनच्या डेटा-लायब्ररीच्या रूपात ओळींचे गठ्ठे घेणारं व्हेक्टराइज्ड रूप वापरता येईल. आज त्याची गरज नाही.

आता आधी एसक्यूएलचा साचा आणि त्यात बसलेल्या ओळींवरच पायथन, असा क्रम आहे. निकालाच्या रकान्याला 'वैध' न म्हणता 'चेक जुळला' असं नाव दिलं आहे. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे गणिताला कळत नाही. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरच पाहावं लागतं.