दोन आणि चारवर टाळी

आमच्या शेजारी एक आजी राहतात, ब्लॅक आहेत, वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर इथल्याच, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या शाळांमध्ये शिकवलं. कोविडमध्ये मी त्यांना दूध-भाजी आणून द्यायचे तेव्हापासून आमचा घरोबा, पुरणपोळी केली की एक त्यांची, आणि त्यांच्याकडून रताळ्याचा पाय (ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) आला की माझी लेक जेवायची थांबते. तर एका रविवारी त्या म्हणाल्या, चल माझ्याबरोबर चर्चला. मी गेले. माझ्या डोक्यात चर्च म्हणजे शांत बाकं, मेणबत्त्या, हळू आवाजातली प्रार्थना, आणि इथे बघते तर ड्रमसेट, हॅमंड ऑर्गन, पर्समधून खंजिऱ्या काढून बसलेल्या बायका, आणि गाणं सुरू झालं तसं अख्खं चर्च उभं राहिलं. मीही टाळी धरली. आमच्या घरी दर गुरुवारी भजन असायचं, आईच्या मांडीला टेकून बसायचे मी, त्यामुळे माझा हात आपोआप चार मात्रांतल्या एक आणि तीनवर पडतो. आजींनी माझं मनगट हलकेच धरलं आणि एक मात्रा पुढे सरकवलं. दोनवर आणि चारवर, बेबी, म्हणाल्या.

तुम्ही आत्ता कुठलंही पॉप गाणं लावा, इंग्लिश लावा नाहीतर हिंदी पिक्चरचं लावा, आणि एक दोन तीन चार मोजत ड्रमचा तो खणखणीत फटका कुठे पडतो ते ऐका. बहुतेक वेळा दोन आणि चारवर. याला बॅकबीट म्हणतात. अमेरिकेतल्या ब्लॅक चर्चमध्ये लोक रेडिओ-टीव्हीच्या कितीतरी आधीपासून अशीच टाळी वाजवतायत, आणि त्या चर्चमध्ये टाळी धरणाऱ्या, खंजिरी वाजवणाऱ्या, गाणं उचलून धरणाऱ्या मुख्यतः बायकाच. मला हे चाळिशीला आल्यावर कळलं याचं वाईट वाटतं. कॉलेजात आमच्या हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये रॉकची पोस्टर होती, सगळे पुरुष, जवळजवळ सगळे गोरे, हातात गिटार. गिटार घेतलेली बाई मी एकाही पोस्टरवर पाहिली नव्हती, ब्लॅक बाई तर लांबच.

चर्चमधून घरी येताना आजींनी मला गाडी यॉर्कटाऊन वस्तीतून न्यायला सांगितली, मास्टर स्ट्रीटवर. तिथे एक निळी सरकारी पाटी आहे, पिवळ्या अक्षरांची, इथे ऐतिहासिक जागांना लावतात तशी. सिस्टर रोझेटा थार्प इथे राहायची. मी म्हणलं कोण? आजी माझ्याकडे बघतच राहिल्या.

रोझेटाचा जन्म १९१५चा, आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट नावाच्या गावातला, आणि गावाच्या नावावरूनच कळतं लोक काय करायचे, आईबाप कापूस वेचायचे. आई चर्चमध्ये प्रवचन करायची, गायची, मँडोलिन वाजवायची. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर गिटार घेऊन गावोगाव गात फिरली. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरात मूल जसं मागे टाळ धरून उभं राहत राहत तयार होतं ना, तसंच. १९३८ला ती न्यूयॉर्कला आली, कॉटन क्लब नावाच्या नाइटक्लबमध्ये गायला लागली, डेक्का कंपनीने तिच्या रेकॉर्ड काढल्या आणि डिसेंबरात ती तिथल्या नावाजलेल्या कार्नेगी हॉलच्या स्टेजवर होती. देवाचं गाणं दारूच्या अड्ड्यात गायली म्हणून चर्चमधले कितीतरी लोक चिडले. आजी सांगतात, त्यांच्या आईकडे रोझेटाच्या रेकॉर्ड होत्या आणि वडिलांचा नियम होता की रविवारी त्या लावायच्या नाहीत. आई सोमवारी कपडे धुताना लावायची.

१९४४ला तिने एक गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तीचं, गाणं रेकॉर्ड केलं, 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे', मागे पियानो, पुढे तिचं इलेक्ट्रिक गिटार, आणि पुढच्या वर्षी ते ब्लॅक श्रोत्यांच्या चार्टवर दोन नंबरला गेलं. रॉक अँड रोल हा शब्द त्या संगीताला चिकटायला अजून बरीच वर्षं होती. ते गाणं ऐका, गिटारचे तुकडे ऐका, आणि मग पन्नाशीच्या दशकातलं काहीही लावा, तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. १९४७ला जॉर्जियातल्या मेकन गावात तिचा कार्यक्रम होता, तिथे चौदा वर्षांचा एक मुलगा तिच्यासमोर गायला, तिने त्याला स्टेजवर घेतलं आणि वर पैसेही दिले. तो पुढे रॉक अँड रोलचा स्टार झालेला लिटल रिचर्ड. प्रसिद्ध गायक जॉनी कॅशने तर रोझेटाचा आवाज हा लहानपणीचा आपला आवडता आवाज असं जाहीरपणे सांगितलं होतं. आणि जॉर्डनेअर्स नावाचे गोरे गायक, जे पुढे एल्विसच्या मागे गायले, ते त्याच्या आधी रोझेटाच्या मागे गायचे. त्या दौऱ्यांत दक्षिणेतल्या हॉटेलांत गोऱ्या मुलांना खोली मिळायची आणि जिच्या नावावर तिकिटं विकली जायची ती बसमध्ये झोपायची. हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून दिला आणि नुसती बसून राहिले.

तिचं तिसरं लग्न १९५१ला वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये झालं, चक्क तिकीट लावून, वीस हजारांच्या वर माणसं, आणि लग्न लागल्यावर नवरी शालूत, म्हणजे त्यांच्या त्या पांढऱ्या गाऊनमध्ये, गिटार घेऊन उभी राहिली आणि कार्यक्रम केला. मला हा प्रसंग फार आवडतो. आणि १९६४चा व्हिडिओ तर मी कितीदा बघितलाय मोजलं नाही. इंग्लंडात मँचेस्टरला बंद पडलेल्या विल्ब्रहम रोड स्टेशनवर टीव्हीवाल्यांनी कार्यक्रम ठेवलेला, एका प्लॅटफॉर्मवर तरुण पोरंपोरी बसलेली, समोरच्या प्लॅटफॉर्मवर कलाकार, मध्ये रूळ. ती घोडागाडीतून उतरते, अंगात लांब कोट, पाऊस पडून गेलेला, आणि ती गळ्यात गिटार अडकवून बायबलमधल्या नोहाच्या महापुराचं गाणं धरते, पाऊस पडला होता की नाही सांगा! एकोणपन्नास वर्षांची बाई. मधला गिटारचा तुकडा वाजवताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला इथे लिहिता येत नाही, तुम्ही बघाच.

नंतर डायबिटीसने पाय गेला, पक्षाघाताचे झटके आले, आणि १९७३च्या ऑक्टोबरमध्ये ती इथेच फिलाडेल्फियात गेली. नॉर्थवूड दफनभूमीत पुरलं. वर दगड नाही. नाव नाही. पस्तीस वर्षं नुसतं गवत. २००८च्या जानेवारीत शहराजवळच्या ग्लेनसाइडला चाहत्यांनी एक कार्यक्रम केला, पैसे जमवले, तेव्हा कुठे दगड आला. नॉर्थवूड आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, म्हणजे मी इतकी वर्षं किराणा आणायला त्याच बाजूने जात होते.

आणि हे एकट्या रोझेटाचं नाही. ब्लूजची, म्हणजे ब्लॅक लोकांच्या त्या गाण्याच्या प्रकाराची, सम्राज्ञी म्हणतात ती बेसी स्मिथ, जन्म टेनेसीतल्या चॅटनूगाचा, पण घर केलं फिलाडेल्फियात. १९२३ला तिची पहिली रेकॉर्ड आली ती लाखांनी खपली. १९३७ला मिसिसिपीत गाडीचा अपघात झाला आणि ती गेली. (गोऱ्यांच्या हॉस्पिटलने दारातून परत पाठवली म्हणून ती मेली असं नेटवर अजून फिरतं, पण ते तसं घडलं नव्हतं, अपघाताच्या जागी पोचलेल्या डॉक्टरनेच नंतर सांगितलंय की तिला सरळ ब्लॅक लोकांच्या हॉस्पिटलात नेलं.) अंत्ययात्रेला हजारो माणसं होती आणि तरी शेरॉन हिलमधल्या तिच्या कबरीवर तेहतीस वर्षं दगड नव्हता. शेवटी १९७०मध्ये तो दोघींनी बसवला, एक रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, जी बेसीला ऐकत ऐकत गायला शिकली, आणि दुसरी ह्वानिता ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी कामाला जायची आणि मोठेपणी नॉर्थ फिलाडेल्फियात ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी काम करायची. बातम्यांमध्ये जॅनिसचंच नाव जास्त झळकलं. मला मात्र त्या कामाला जाणाऱ्या पोरीचं जास्त वाटतं.

हे सगळं वाचताना मला विठाबाई नारायणगावकर आठवत राहिल्या, राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलेली बाई, शेवटी दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना मदत करावी लागली. दोन्हीकडचा इतिहास वेगळा, जात आणि वंश यांची सरमिसळ मी करणार नाही, पण ज्यांच्या कलेवर लोक पोसले त्यांच्या म्हातारपणाकडे बघायला कोणी नव्हतं हे मी दोन्हीकडे बघितलं.

रॉक संगीतातल्या मोठ्या कलाकारांचा सन्मान करणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ला पहिली दहा कलाकारांची यादी काढली त्यात एकही बाई नव्हती. पुढच्या वर्षी अरीथा फ्रँकलिन आली, पहिली बाई. रोझेटाला घेतलं २०१८ला. बिग मामा थॉर्नटन, जिने 'हाउंड डॉग' एल्विसच्या आधी, १९५२ला रेकॉर्ड केलं, सात आठवडे एक नंबरला ठेवलं आणि तिच्याच सांगण्यानुसार हातात एक पाचशे डॉलरचा चेक पडला, तिला २०२४ला. ती १९८४लाच गेली होती. सन्मान झाले हे चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही, पण घ्यायला कोण उरलं होतं?

माझी लेक तेरा वर्षांची आहे आणि ती बियॉन्से ऐकते. २०२५च्या फेब्रुवारीत बियॉन्सेला कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) अल्बमचं ग्रॅमी मिळालं, कुठल्याही ब्लॅक कलाकाराला मिळालेलं पहिलं, तेव्हा घरात नुसता आरडाओरडा. त्या अल्बमवर लिंडा मार्टेलचा आवाज आहे, १९६९ला ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नावाजलेल्या कार्यक्रमाच्या स्टेजवर एकटी गाणारी पहिली ब्लॅक बाई, एक अल्बम काढला आणि नंतर इंडस्ट्रीने दारं बंद केली. लेकीला तिचं नाव बियॉन्सेमुळे कळलं, आणि मला लेकीमुळे.

मागच्या महिन्यात आम्ही तिघी नॉर्थवूडला गेलो, आजी, लेक आणि मी. दगड शोधायला वेळ लागला, लेकीलाच आधी दिसला. त्यावर लिहिलंय की ती तुम्ही रडेपर्यंत गायची आणि मग तुम्ही आनंदाने नाचेपर्यंत गायची. आजींना उभं राहवत नाही फार वेळ, म्हणून मी गाडीतली घडीची खुर्ची आणून दिली. लेकीने फोनवर ते मँचेस्टरचं पावसाचं गाणं लावलं, आवाज पूर्ण मोठा केला, आजूबाजूला कोणी नव्हतं. आजींनी डोळे मिटले आणि टाळी धरली. मी पण धरली. या वेळी कोणी माझं मनगट धरलं नाही.