झेलमच्या खिडकीतून मोजलेल्या नद्या

माझे वडील सैन्यात होते आणि 1980 च्या दशकातली त्यांची काही वर्षे जालंधर छावणीत गेली. दर उन्हाळ्यात आम्ही आजोळी पुण्याला येत असू आणि शाळा उघडण्याच्या आधी झेलम एक्सप्रेसने परत जात असू. त्या प्रवासात वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना एक काम नेमून दिलेले असे: वाटेत येणारी प्रत्येक मोठी नदी ओळखायची, तिचे नाव मोठ्याने सांगायचे आणि पुलावरून दहा पैशांचे नाणे पाण्यात टाकायचे. भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा, बेतवा, चंबळ आणि सतलज अशी आमची यादी होती. सतलज ओलांडली की तासाभरात जालंधर येई, म्हणून यादी तिथेच संपे.

पुढे वडील निवृत्त झाले, आम्ही पुण्यात स्थायिक झालो आणि उत्तरेकडे जाण्याचे प्रसंग आले तेव्हा मी विमानानेच जात राहिले. धाकटी बहीण जम्मूला राहायला गेल्यापासून तर पुणे, दिल्ली आणि जम्मू ही तीन विमानतळांची नावे म्हणजेच माझ्यासाठी तो सगळा प्रदेश झाला होता. मधल्या दोन हजारांहून अधिक किलोमीटरांत काय आहे, हे एके काळी मला ठाऊक होते आणि आता ते विसरत चालले आहे, ही गोष्ट मला मनापासून लागली. म्हणून 2024 च्या जानेवारीत, संक्रांत उरकल्यावर, मी झेलमचे तिकीट काढले, आणि तेही स्लीपरचे. पंजाबातल्या थंडीची आठवण घरच्यांनी पुन्हा पुन्हा करून दिली. पण वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही, आणि न उघडणाऱ्या खिडकीतून नदीत नाणे टाकता येत नाही. सोबत वडिलांचे लष्करी कांबळे, गूळपोळ्यांचा डबा आणि रुपया-रुपयाची वीस नाणी घेऊन मी संध्याकाळी पुणे स्थानकावर हजर झाले.

झेलम ही पहिल्यापासून फौजींची गाडी म्हणून ओळखली जाते, आणि फलाटावर पाऊल ठेवताच ती ओळख पटली. काळ्या ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावे आणि क्रमांक, रजा संपवून निघालेले जवान आणि त्यांना पोहोचवायला आलेली, फारसे न बोलणारी माणसे. माझा बर्थ साइड लोअर होता, ज्याच्या दोन बैठका समोरासमोर असतात आणि दोन्हींना खिडकी असते. माझ्या वरच्या बर्थवर माण तालुक्यातला एक तरुण जवान होता. नद्या मोजण्याचा आमचा खेळ मी त्याला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, आम्ही या गाडीत छावण्या मोजतो.” मग त्याने बोटांवर मोजून दाखवल्या: पुणे, नगर, बबिना, झाशी, ग्वाल्हेर, अंबाला, जालंधर, पठाणकोट, जम्मू. एकाच रुळावरची ही दुसरी यादी माझ्या वडिलांनाही नक्कीच पाठ असणार, आणि तरीही त्यांनी आम्हाला नद्यांचीच शिकवली, याचा विचार मी दौंडपर्यंत करत होते.

पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडत असत. गाडी उलट्या दिशेने निघे आणि तोवर पुढे तोंड करून बसलेल्यांची पाठ प्रवासाच्या दिशेला होई. त्या अर्ध्या-पाऊण तासात वडील खाली उतरून पाणी भरून आणत. आता मनमाडच्या दिशेने थेट वळणारा जोडमार्ग, म्हणजे कॉर्ड लाइन, झाल्यामुळे मनमाडकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना ही फेरफार करावी लागत नाही. वेळ वाचतो हे खरे आहे, तरी तो थांबा मला आठवत राहिला. त्यानंतर लगेचच भीमा आली. अंधारात पाणी दिसत नव्हते, पण लोखंडी पुलावर चाकांचा आवाज एकदम पोकळ आणि भरदार होतो, तो ऐकून मी शटर वर केले आणि पहिले नाणे टाकले. पुणतांबा आणि कोपरगाव यांच्या दरम्यान गोदावरी आली, तेव्हा डब्यातले दिवे मालवलेले होते. मनमाडनंतर मला झोप लागली. भुसावळला मात्र मध्यरात्र उलटून गेल्यावर आपोआप जाग आली, कारण लहानपणी वडील आम्हाला तिथे हमखास उठवत असत. भुसावळ सोडले की थोड्याच वेळात तापी येते. पुलावर थंडगार वारा आत आला आणि खालच्या पात्रात चंद्रप्रकाशाची एक लांब पट्टी दिसली.

उजाडले तेव्हा गाडी हरद्याच्या परिसरात होती. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, तिच्यावर गव्हाची आणि हरभऱ्याची हिरवी शेते आणि शेतांवर तरंगणारा विरळ धूर. हरद्यापासून जवळच नर्मदेकाठी हंडिया आहे, आणि तिथल्या उताराने 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने नर्मदा ओलांडली होती. ती फौज मार्चमध्ये पतदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून, निघाली आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्लीत पोहोचली. शाळेत हे सगळे आपण तारखांसह शिकतो. पण खिडकीशी बसून ती जमीन तासन् तास मागे सरकताना पाहिली, की तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले यांच्यासह पाच महिने चालण्याचा अर्थ थोडासा कळू लागतो. विमानातून तो मला इतक्या वर्षांत एकदाही कळला नव्हता.

इटारसीला चहा आणि गरम पोहे घेतले. त्यानंतर नर्मदापुरम, म्हणजे आमच्या यादीतले होशंगाबाद, आणि लगेच नर्मदा. माझ्या डब्यात तोवर आपापल्या मोबाइलमध्ये असलेली माणसे पूल येताच एकेक करून खिडकीशी आली. कोणी हात जोडले, कोणी “नर्मदे हर” म्हटले, आणि समोरच्या बर्थवरच्या आजींनी पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढले. वरच्या बर्थवरून जवानही खाली उतरला आणि त्याने माझ्याकडून एक रुपया मागून घेतला. सकाळच्या उन्हात पात्र रुंद आणि निवांत दिसत होते. पूल संपेपर्यंत डब्यात कोणी काही बोलले नाही.

बुदनीपासून गाडी विंध्याचा घाट चढू लागते. सागाचे जंगल रुळांच्या अगदी जवळ येते, वळणे तीव्र होतात आणि खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. हा चढ असा आहे, की भोपाळकडे जाणाऱ्या मालगाड्यांना इथे मागून जास्तीची इंजिने लावून रेटावे लागते. घाट संपला की ओबेदुल्लागंज येते. ज्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांना 2003 मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, ते याच भागात आहेत.

भोपाळनंतर गाडी कर्कवृत्त ओलांडते, आणि थोड्याच वेळात उजव्या हाताच्या टेकडीवर सांचीचा स्तूप दिसतो. तो काही क्षणच दिसतो, म्हणून आधीपासून तयार राहावे लागते. लहानपणी मी तो पाहिला होता की नाही, हे मला आठवत नव्हते. या वेळी मात्र दारात उभी राहून मी तो डोळे भरून पाहिला. सांची आणि विदिशा यांच्या दरम्यान बेतवा येते, आणि ललितपूर सोडल्यावर झाशीच्या अलीकडे तीच नदी पुन्हा आडवी येते. दुसऱ्या भेटीला नाणे टाकायचे की नाही, यावरून आम्हा बहिणींचे दर वर्षी भांडण होत असे. मी दोन्ही वेळा टाकले.

झाशीनंतरचा पट्टा मोहरीचा आहे. जानेवारीत ग्वाल्हेर आणि मुरैना भागातली शेते पिवळ्या फुलांनी अशी भरून जातात, की डब्याच्या छतावरही त्या पिवळ्या रंगाची झाक पडल्यासारखे वाटते. ग्वाल्हेरचा किल्ला डाव्या बाजूला शहराच्या वर लांबच लांब पसरलेला दिसला. मुरैना मागे पडले आणि बेहड सुरू झाले. पाण्याने चिरत नेलेली मातीची ही भूलभुलैया सपाट शेतातून अचानक सुरू होते, हिरवे-पिवळे सगळे संपते आणि जिथवर नजर जाते तिथवर तांबूस-करडे सुळके आणि घळी दिसतात. त्यांच्यामधून चंबळ वाहते, खोल, स्वच्छ आणि हिरवट निळी. मध्य प्रदेश आणि राजस्थान यांची इथे ती सीमा आहे आणि घडियालांसाठी, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरींसाठी, राखलेले तिचे पात्र अजूनही मोकळे आहे. सूर्य कलला होता आणि पाण्यावर पुलाची सावली पडली होती. सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आवडलेली नदी हीच, लहानपणीही आणि आताही.

आग्र्यानंतर धुके उतरले. पूर्वी धुक्यात चालकाला सावध करण्यासाठी सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके लावत असत, आणि ते फुटण्याचा आवाज माझ्या आठवणीत पक्का आहे. आता इंजिनात जीपीएसवर चालणारे उपकरण असते आणि पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे, हे चालकाला त्यावर कळते. तरीही वेग कमी ठेवावाच लागतो. दिल्ली येईपर्यंत गाडीला पाच तास उशीर झाला. मला त्याचे काही वाटले नाही, कारण त्यामुळे पानिपत रात्री झोपेत निघून न जाता पहाटे आले. आग्र्यापासून यमुना गाडीच्या उजव्या अंगाने वाहत असते आणि शेवटपर्यंत आडवी येत नाही. 1760 च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ हीच नदी उतरून मराठ्यांची दिल्लीची वाट तोडली होती. फलाटावर मी एकटीच उतरले. दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते, चहावाल्याचा आवाज आधी आला आणि मग तो स्वतः दिसला. कुल्हडातला आले घातलेला चहा घेऊन डब्यात परतले, तेव्हा जवान जागा झाला होता. डब्यात उरलेल्या दोन गूळपोळ्या आम्ही वाटून खाल्ल्या. 1761 च्या संक्रांतीच्या सुमारास इथे जे झाले, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते, म्हणून त्याविषयी बोलण्याची गरज पडली नाही.

सतलज धुक्यात लपलेली होती. तिचे नाणे मी केवळ पुलाच्या आवाजाच्या भरवशावर टाकले. जालंधर छावणीच्या स्थानकावर गाडी थांबली तेव्हा मी दारात उभी राहिले. इथेच उतरण्याची सवय इतकी जुनी होती, की गाडी पुन्हा हलली तेव्हा काहीतरी चुकत असल्यासारखे वाटले. त्यापुढच्या नद्या मला नव्या होत्या. मुकेरियानंतर दुपारच्या सुमारास धुके विरळ झाले आणि बियास दिसली, पठाणकोटच्या पुढे माधोपूरजवळ रावी दिसली, आणि तिच्या पलीकडे, क्षितिजावर, बर्फाची एक अस्पष्ट रेघ.

जम्मू तवी स्थानक तवी नदीच्या अलीकडच्या तीरावर आहे, त्यामुळे ज्या नदीचे नाव स्थानकाला आहे, तिच्यावरून गाडी तिथवर जात नाही. ज्या झेलमचे नाव गाडीला आहे, ती तर पीर पंजालच्याही पलीकडे, काश्मीरच्या खोऱ्यात. जवानाने माझी बॅग फलाटावर उतरवून दिली आणि ट्रंक खांद्यावर घेऊन तो गर्दीत दिसेनासा झाला. बहीण जिन्यापाशी उभी होती. तिने मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, बेतवेला किती नाणी टाकलीस?” मी दोन म्हटले. त्यावर ती माझ्याशी भांडली, आणि मग घरी जाण्याआधी आम्ही रिक्षा तवीच्या पुलाकडे वळवली. नाणी अजून शिल्लक होती.