जवळा, तिसऱ्या आणि न दिसणारे धागे

आमच्या वेसाव्यात, म्हणजे मुंबईच्या वर्सोव्यात, डोल हे पिशवीसारखं जाळं ओढलं की बोंबील, मांदेली, जवळ्याबरोबर गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, चपलांचे तळवे येतातच. डोल एका जागी बांधलेला असतो, पाण्याच्या ओढीला तोंड करून. भरती-ओहोटी जे आणेल ते त्याच्या खोल्यात, म्हणजे शेपटाकडच्या पिशवीत, साठतं. मालाडच्या खाडीतून काय वाहून येतं, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. हा कचरा बायका बंदरावर बसून हाताने निवडतात.

मला घोर लागलाय तो हाताला न लागणाऱ्या प्लॅस्टिकचा. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे म्हणजे सूक्ष्मप्लॅस्टिक. पिशवी उन्हाने कडक होते, तुटते, तुटतच राहते, पण संपत नाही. त्यात धागे वेगळेच. पॉलिस्टरची साडी, लेगिंग, मुलांचा गणवेश मशीनमध्ये घुसळला की बारीक तंतू सुटतात आणि गटार, नाला, खाडी असे समुद्रात पोचतात. आमच्या जाळ्यांचे आणि दोरांचे तंतूही त्यात आहेत, हे आम्ही कोळ्यांनीही बोललं पाहिजे. पूर्वीची सुताची जाळी कुजायची, म्हणून तर नायलॉनचं एवढं कौतुक झालं.

गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी साळ नदीच्या मुखाकडचं पाणी, गाळ, शिंपले आणि मासे तपासले. 2021 साली ते प्रसिद्ध झालं. सगळ्यांत सूक्ष्मप्लॅस्टिक निघालं. मी अडकले ती शिंपल्यांपाशी. पापलेट, सुरमई आपण पोट काढून धुतो, तेव्हा माशाने गिळलेलं बरंचसं आतड्याबरोबर निघून जातं. तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले मात्र पाणी गाळूनच जगतात, आणि आपण ती आतड्यासकट खातो. जवळाही अख्खाच. ज्याला पापलेट परवडत नाही, त्याच्या ताटात जवळा असतो, याचा मला फार राग येतो. वर तो सुकवायचा निळ्या ताडपत्रीवर, जिचे उन्हात पापुद्रे निघतात! आमच्या घरी ताडपत्री बंद केली. आता धुतलेल्या सिमेंटच्या ओट्यावर घालतो. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.

वकील अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी 2015 पासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा अक्षरशः उपसला. 2018 मध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली तेव्हा आम्ही पाहायला धावलो होतो. त्या कष्टांचं मोल मोठं आहे, पण धागा असा वेचता येत नाही. तो अडवायचा तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातच. चांगल्या प्रक्रियेत बहुतेक सूक्ष्मप्लॅस्टिक गाळात बसतं. मुंबईत सात नवी केंद्रं बांधली जात आहेत, त्यांत वर्सोवा आणि मालाडही आहे. ती कधी चालू होणार आणि तो प्लॅस्टिकभरला गाळ कुठे टाकणार, हे दोन प्रश्न मच्छीमार सोसायटीने लेखी विचारावेत असं पत्र मी लिहून ठेवलंय. सह्या गोळा करायला सुरुवात बंदरावरच्या बायकांपासून करणार आहे.