रहाटावर मोजलेली ऊर्जा

सहावीच्या मुलांना ऊर्जेचे प्रकार विचारा, घडाघड म्हणून दाखवतील. गतिज, स्थितिज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, रासायनिक, विद्युत. आमची शाळा गुहागर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. बहुतेक मुलं मासेमारी नाहीतर भातशेती करणाऱ्या घरांतली. पाठांतर पक्कं. पण चुलीतल्या लाकडात आणि गच्चीवरच्या भरलेल्या टाकीत सारखं काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. एकच गोष्ट रूपं बदलत फिरते आणि तिचा हिशेब लावता येतो, एवढं मुलांना कळलं तर नावं आपोआप जागेवर बसतात, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धडा मी विहिरीवर सुरू केला.

दोराला गाठी मारून मुलांनीच मोजलं: रहाटापासून पाण्यापर्यंत ६ मीटर. बादली १० लिटरची. एक किलो वजन एक मीटर उचलायला जवळजवळ १० जूल ऊर्जा लागते, म्हणजे एक बादली वर काढली की ६०० जूल. रहाट कुरकुरतो, दोर घासतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. प्रत्येकाने एकेक बादली ओढली. जूल हा शब्द त्या दिवशी हातांत भरला.

मग घरून आणलेली वीजबिलं काढली. बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. फळ्यावर भागाकार केला, उत्तर आलं ६०००. एका युनिटला सहा हजार बादल्या! कोणाचा विश्वास बसेना, म्हणून तोच भागाकार दोघांनी पुन्हा केला. छताचा ७५ वॅटचा पंखा साधारण तेरा तासांत एवढी ऊर्जा वापरतो. विजेची काटकसर करा असं मी कितीही सांगितलं असतं तरी त्या आकड्याने जे केलं ते झालं नसतं.

भाकरीचा हिशेब त्यानंतर. पन्नास ग्रॅम तांदळाच्या पिठातून साधारण १८० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे साडेसात लाख जूल. स्नायूंना त्यातली फार तर पाव ऊर्जा कामाला लावता येते, बाकीची उष्णता होते. ओढताना घाम येतो तो त्यामुळेच. तरी एका भाकरीत तीनशे बादल्या निघतात. एका मुलीने विचारलं, “बाई, वर काढलेलं पाणी मी परत विहिरीत ओतून टाकलं, मग माझे सहाशे जूल गेले कुठे?” वर्षभरात मला आलेला हा सगळ्यांत चांगला प्रश्न. पाणी पडलं, आवाज झाला, शेवटी विहिरीतलं पाणी किंचित गरम झालं. किती किंचित? ते सगळे जूल त्या दहा लिटर पाण्यातच उतरले असते तरी ते एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकंच तापलं असतं. हाताला कळत नाही, म्हणून ऊर्जा संपली असं आपण समजतो.

पुढे मागचा माग काढायला लागलो. वीज कुठून येते? “डीपीतून.” डीपीत कुठून? राज्यभरची वीज तारांच्या एकाच जाळ्यात मिसळते, त्यामुळे आपल्या पंख्यातली नेमकी कुठली हे सांगता येत नाही. पण तिची एक वाट आमच्याच खाडीला येऊन मिळते. उन्हाने समुद्राची वाफ होते, तिचा पाऊस सह्याद्रीवर पडतो आणि कोयनेच्या शिवसागरात साठतो. तिथून ते पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणाच्या बाजूला पोफळीकडे खाली येतं आणि जनित्रं फिरवतं. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. काम करून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत जातं आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना हीच खाडी ओलांडायची असते. मुलांनी नकाशावर बोटाने ती वाट पुन्हा पुन्हा गिरवली.

मासळीचा हिशेब मात्र घरच्या बायकांमुळे रंगला. एक किलो पाणी वाफ करून उडवायला साधारण २४ लाख जूल लागतात, म्हणजे पाऊण युनिटाच्या जरा आत. ताज्या बोंबलात तर बहुतेक पाणीच. किनाऱ्यावर वलांडीला टांगलेल्या बोंबलांतून ऊन आणि वारा दिवसाला किती युनिटांचं काम फुकट करतात, ते मुलांनी आयांना सांगितलं. त्या वाळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन पाठवू लागल्या.

भाकरी, लाकूड, वारा, पाऊस, सगळे माग सूर्यापाशी पोचत होते. अंजनवेलच्या वीजप्रकल्पात वापरतात तो नैसर्गिक वायूसुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांनी साठवलेलं ऊनच. मग “सगळं सूर्याचंच” असं मुलं म्हणू लागली, तेव्हा मी दोन प्रश्न ठेवले: भरती कोण आणतं, आणि दापोलीकडे उन्हवऱ्याच्या झऱ्याचं पाणी रात्रीसुद्धा गरम का? भरतीचं मुख्य काम चंद्राच्या ओढीचं, तिच्यातली ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून येते. उन्हवऱ्याची उष्णता जमिनीच्या पोटातली. सूर्याच्या यादीत ही दोन्ही बसत नाहीत, आणि मुलांनी ती वहीत वेगळ्या पानावर लिहिली. त्या पानावर आणखी काय येईल, हे शोधायचं काम सध्या सातवीत गेलेल्या याच मुलांकडे आहे.