पद्मिनीच्या मीटरचा काटा, आणि केबलचं काम

आमच्याकडे देवगडला बाबांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे, अजून रोज चालते. यंदा पाऊस संपता संपता तिच्या स्पीडोमीटरचा काटा उड्या मारायला लागला, गाडी तीसने चाललीय आणि काटा वीस ते पन्नास कुठेही, वर डॅशबोर्डच्या मागून टकटक आवाज. ज्याला विचारावं तो म्हणे मीटर काढ, डिजिटल लाव. मला ते अजिबात नको होतं, गाडी जपायची तर मीटर पण तिचाच पाहिजे.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, "मीटराक हात लावू नको, आधी केबल बघ."

केबल म्हणजे गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत येणारी, आत फिरणारी तार आणि वरून आऊटर, म्हणजे बाहेरची नळी. आणि ते बरोबरच होतं कारण किलोमीटरचे आकडे नीट पुढे सरकत होते. आकडे गिअरवर चालतात, केबल फिरेल तेवढे फिरणार. काट्याचं तसं नाही, केबल आत एक मॅग्नेट फिरवते, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी असते, काटा त्या वाटीलाच जोडलेला, दोघं एकमेकांना टेकत नाहीत तरी मॅग्नेट फिरला की वाटी त्याच्या दिशेने ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. केबल अडकत-सुटत फिरली की मॅग्नेटला झटके बसणार आणि काटा नाचणार. आकडे आणि काटा दोन्ही बंद असतील तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर गेला. आकडे चालू पण काटा हलतच नाही, तरच मीटर खोलायचा.

मीटरमागचा नट सोडवून आतली तार वरून ओढून काढली तर सुकलेलं ग्रीस आणि गंज मिळून चॉकलेटी चिखल झाला होता. खारा वारा आणि चार महिने दमट हवा, दुसरं काय होणार. तार रॉकेलने पुसली, आऊटरमधून पण रॉकेल सोडलं आणि पडवीत उलटं टांगून निथळू दिलं. मग तार काचेवर ठेवून बोटांनी लोळवली. सरळ तार गुपचूप लोळते, पीळ किंवा बाक असला की तिथे उडी मारते. माझी एका जागी उडत होती, म्हणून नवीनच घेतली, मुंबईच्या भावाने कुर्ल्याहून आणली, गाडी पण मुळात कुर्ल्यातच बनलेली.

ग्रीस मात्र हात राखून. बोटावर घेऊन पातळ थर, आणि मीटरकडची वीतभर तार कोरडीच ठेवायची. तार फिरते तसं ग्रीस वर चढतं, वाटीपर्यंत पोचलं की मीटर चिकटला. गिअरबॉक्सकडचा ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारी रिंग) गेला असेल तर गिअर ऑइल पण असंच वर येतं, त्यामुळे तो पण बघून घ्या.

आऊटर पेडलजवळ फार वाकला होता, क्लिपच गायब. नवीन क्लिप लावून मोठा बाक दिला. तारेचं चौकोनी टोक खाचेत बसलं की नट हातानेच आवळायचा, पक्कड नको.

मीटरला जोडायच्या आधी एक चेक. पुढच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रल, एक मागचं चाक जॅकवर. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असल्यामुळे तो सोडावा लागतो, म्हणून दगड नीट लावा. चाक हाताने फिरवलं की केबलचं वरचं टोक न अडखळता फिरलं पाहिजे.

नंतर नांदगाव रोडला फोनचा जीपीएस लावून बघितलं, साठला काटा दोन-तीनने जास्त दाखवतो पण एका जागी उभा राहतो. टकटक पूर्ण बंद. आता दर पावसानंतर तार काढून पुसायची.